सर फी घेत नाहीत, मग बोलायचं कसं?

टिळकवाडीचा_बाबा

मंडळी, दोन वर्षं इथं नुसता वाचतोय. आज लिहावंच लागतंय.

मुलगी १४ वर्षांची, नववीत. आठशे आणि पंधराशे मीटर पळते. दोन वर्षांपासून एका सरांकडे आहे. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. सर एक पैसा फी घेत नाहीत. गेल्या वर्षी स्पाइक्सचे बूट त्यांनीच आणून दिले, स्पर्धेला स्वतःच्या गाडीतून नेलं. आठशेचं टायमिंग २.४१ वरून २.३० वर आलंय. म्हणजे तक्रारीला जागा नाही.

पण तीन-चार महिने झाले, पोरगी गप्प झालीय. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात दुखतं. सोमवारी सर सगळ्यांचं वजन करतात, सगळ्यांसमोर, आणि आकडा मोठ्यानं वाचतात. एकदा हिला आपल्या बेळगावच्या मिठाईवरून म्हणाले, "घरात कुंदा लई होतोय वाटतं." सगळे हसले. ही पण हसली म्हणे. त्या दिवसापासून रात्रीची भाकरी बंद. परवा आईला म्हणाली, "सर बोलले की भीती वाटते, आणि नाही बोलले की जास्त भीती वाटते."

हे वाक्य डोक्यातून जाईना. सर वाईट माणूस नाहीत. लोकांच्या पोरांसाठी रोज पाचला उठणारा माणूस वाईट कसा म्हणू? पण काही बोलायला गेलं की ते स्पाइक्स डोळ्यांसमोर येतात. काय करू?

कुंदाप्रेमी

आधी निषेध. आमच्या कुंद्याला यात का ओढलं?

निपाणीकर

बाबा, राग मानू नका. आजकाल पोरांना फुलासारखं जपायची सवय लागलीय. खेळ म्हणजे कडकपणा आलाच. आचरेकर सरांनी सचिनला थप्पड मारली होती हे जगजाहीर आहे. सरावाचा सामना टाकून वानखेडेवर दुसऱ्यांच्या खेळाला टाळ्या वाजवायला गेला म्हणून. तो कुठल्या कुठे पोचला! ११ सेकंद कमी झालेत ते सरांमुळेच ना? गप बसा, चार दिवसांत पोट दुखायचं थांबेल.

चंदगडची_मी

निपाणीकर, आचरेकर सर त्याच सचिनला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. एका दिवसात जास्त सामने मिळावेत म्हणून. स्टंपवर रुपया ठेवायचे आणि बाद झाला नाही की तो त्याचा. थप्पड सगळ्यांच्या लक्षात राहते, स्कूटरचं पेट्रोल कुणाच्या लक्षात राहत नाही.

लाल_माती

मी शिकलेला माणूस न्हवे, चुकलं तर सांभाळून घ्या. तालमीत बारा वर्षं घालवली. आधी गावात, मग कोल्हापुरात. वस्ताद म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, दोन्ही बाजूंनी.

पहिला वस्ताद एक नंबर कडक. पहाटे चारला उठवायचा. जोर मारताना मध्येच थांबलास तर मोजणी पहिल्यापासून. हातात वेताची छडी असायची, खोटं का सांगू, बसली पण आहे पाठीवर. पण रात्री थंडाई घोटून झाली की ताटं बघत फिरायचा. कुणाच्या ताटात तूप कमी दिसलं तर का म्हणून विचारणार. माझा बा एक महिना खुराकाचे पैसे पाठवू शकला नाही. मला ते तीन वर्षांनी कळलं, ते पण दुसऱ्याच्या तोंडून.

तर वस्तादाचं खरं माप तालमीत न्हाई, जत्रेच्या फडात कळतंय. आता मॅटवर किलोचे गट असतात. आमच्या वेळी मातीत काटा कुठला? दोन्ही बाजूंचे वस्ताद पोरांच्या अंगाकडं बघून जोड ठरवायचे. वस्तादाची नजर हाच काटा. इनाम मोठं असलं तरी माझा वस्ताद समोरचा पोरगा भारी दिसला की सरळ सांगायचा, "माझा पोरगा अजून तयार नाही." पाचशे लोकांत. हलगी वाजायलीय, गाव बोंबलतंय, तरी न्हाई म्हंजे न्हाई. आम्हाला राग यायचा. आता कळतंय.

दुसऱ्या वस्तादाकडं गेलो तेव्हा गुडघा सुजलेला होता. जत्रा सीमेजवळच्याच गावची, नाव सांगत न्हाई. इनाम बघून त्यानं परस्पर जोड लावली. मी न्हाई म्हणालो नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. पटाला, म्हंजे समोरच्याचे पाय धरायला घुसलो आणि आतून कट्ट असा आवाज झाला. आज ५४ वय आहे, देवळात खाली बसायचं झालं तरी भिंत धरावी लागते.

दोघांनी पण फी घेतली नव्हती, बाबा. फुकट शिकवणं हे माप नव्हे. पोरीनं "आज जमत न्हाई" म्हटलं तर सर काय करतात, ते बघून या.

कुंदाप्रेमी

अण्णा, उगाच चेष्टा केली वर. हे वाचून गप्प झालो.

निपाणीकर

लाल माती अण्णा, छडी तुम्हाला पण बसलीच की. मग माझं काय चुकलं?

लाल_माती

छडीनं मी पैलवान झालो न्हाई गा. तुपानं झालो.

सांधेदुखी_डॉट

(बेळगावातच फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडू रोज बघते.)

बाबा, मनाचं पुढं बघू, आधी भाकरीचं. पळणारी मुलगी रात्रीचं जेवण बंद करते ही छोटी गोष्ट नाही. शरीराला रोजचा खर्च भागवायला ऊर्जा कमी पडली की ते एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची बांधणी, मग झोप, प्रतिकारशक्ती, चिडचिड. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या सगळ्या प्रकाराला नाव दिलं, आमच्यात त्याला 'रेड-एस' म्हणतात. मुलींनाच होतं असं नाही, मुलांनाही होतं.

यातली फसवी गोष्ट अशी की वजन उतरल्यावर सुरुवातीला टायमिंग सुधारतं. म्हणून सर खूश, पोरगी खूश, आईबाप खूश. मग नडगीत दुखायला लागतं, एक्सरेत काही दिसत नाही, पुढं एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघतो.

आईला दोन गोष्टी विचारायला सांगा. पाळी नियमित होती आणि आता तीन महिने चुकली आहे का? पायाच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की दुखतं का? दोन्हीतलं एक जरी 'हो' असलं तर डॉक्टर गाठा. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा) तपासणी करून घ्या.

आणि १२ ते १५ या वयात मुलीचं वजन वाढणारच, वाढायलाच हवं. त्या काळात टायमिंग थोडं अडतं. बरेच कोच याला आळस समजतात. बिचाऱ्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

खानापूर_एक्स्प्रेस

सांधेदुखी ताईंना अनुमोदन. वजनाचा विषय निघाला की मला पॅरिस आठवतं. २०२४, विनेश फोगाट, ५० किलो गट, फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी बाद. तिथं निदान गट होता, नियम होता. आठशे मीटरला वजनाचा गट नसतोच! मग काटा कशाला आणतात मैदानावर?

आता माझी गोष्ट. सरकारी क्रीडा वसतिगृहात चार वर्षं होते. जिल्हा सांगत नाही. मी खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, मराठी शाळेतली. कन्नड म्हणजे बस कंडक्टरशी बोलण्यापुरतं. कोच पक्के कन्नड, तिकडे विजापूरकडचे. पहिले दोन महिने ते काय ओरडतात तेच कळायचं नाही, म्हणून मला वाटायचं माझ्यावरच ओरडतात. रात्री पांघरूण तोंडावर घेऊन रडायचं.

एक दिवस सरावाच्या आधी ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, "ऊटा आय्ता?" जेवलीस का? एवढं मला कळत होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी मला परत मेसमध्ये पाठवलं आणि सगळा ग्रुप माझ्यासाठी वीस मिनिटं थांबवला. त्या दिवसापासून रोज, चार वर्षं, सरावाआधी तोच प्रश्न. पुढं कन्नड आलं आणि कळलं की ते ओरडायचे ते "हात सैल सोड, खांदे सैल सोड" एवढंच. कधी कुणाचं वजन चारचौघांत काढलं नाही. मी राज्याच्या पुढं गेले नाही. पण अजून रोज सकाळी पळते. माझ्या बॅचच्या तिघी ज्या दुसऱ्या 'मोठ्या' कोचकडे गेल्या, त्यांना आता बूट बघूनही नको वाटतं.

शहापूर_वारा

बघा, म्हणूनच म्हणतो मराठी पोरांसाठी मराठी कोच पाहिजेत. सीमाभागात आपल्याला

गुर्लहोसूरचा_शिवा

ती बाई नेमकं उलटं सांगतेय राव. कन्नड सरांनीच तिला सांभाळलं.

शहापूर_वारा

तुम्ही मध्ये पडू नका. १९५६ पासून आम्ही

धागा_राखणदार

थांबा. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, ९०० प्रतिसाद झालेत, तिकडे जा. इथून आठ प्रतिसाद हलवलेत. कुंदाप्रेमी, तुमचा 'कुंदा केंद्रशासित करा' हा पण हलवलाय.

कुंदाप्रेमी

अन्याय!

हॉकीवेडा_कॅम्प

आता निघालंच आहे तर. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० ला अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळले, १९वे आले. तेव्हा कुठला कोच, कुठला काटा. आणि बंडू पाटील १९६४ ला टोकियोत हॉकीचं सुवर्ण घेऊन आले. आत्ताच्या पोरांना दोन्ही नावं माहीत नाहीत. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवचं तरी माहीत असेल, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (कुस्तीचाच एक प्रकार) कांस्य. विषय सोडून बोललो, माफी.

पीटी_मास्तर

मी सीमाभागातल्या एका मराठी शाळेत २२ वर्षं पीटी शिक्षक. वाचून वाचून हात शिवशिवायला लागले, म्हणून लिहितो. कोचची बाजू कुणीच मांडली नाही.

पहाटे पाचला मैदान. मग शाळा. शाळेत पीटीचा तास गणितवाले मागून घेतात. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची नोंद, सगळं पीटीवाल्याकडे. संध्याकाळी परत मैदान. पोर जिंकलं की आईबापाचा फोटो, हरलं की "सरांनी नीट तयारी घेतली नाही". आठ वर्षं राबून एखादं पोर घडवावं, तर दहावीनंतर बेंगळूर नाहीतर पुण्याची अकादमी येऊन घेऊन जाते. जाताना फोन पण नाही. मग आपण काय करतो? जे पोर उरलंय त्याला घट्ट धरतो. त्याला बूट देतो, गाडीतून नेतो, जेवू घालतो. त्यात माया असते. पण खरं सांगू? थोडी भीतीही असते, हे पण जाईल म्हणून. मला हे कळायला फार वर्षं लागली.

मीही वजन मोठ्यानं वाचायचो. आमच्या सरांनी आमचं वाचलं म्हणून. एका पोरीनं सोडताना वहीच्या मागच्या पानावर दोन वर्षांचे सगळे सोमवारचे आकडे लिहून माझ्या टेबलावर ठेवले. बाकी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून काटा कपाटात.

बाबा, त्या सरांशी एकट्यानं बोला. पोरांसमोर नको, फोनवर तर नकोच. आणि "तुमच्यामुळं" असं सुरू करू नका. "पोरगी जेवत नाही, मला मदत करा" असं म्हणा. आमच्यासारख्या माणसाला कुणी मदत मागितली की पाघळतो आम्ही.

निपाणीकर

मास्तर, नमस्कार. मी जरा जास्तच बोललो वर.

बेंगळूरवासी_बेळगावकर

क्रीडा मानसशास्त्र शिकतोय म्हणून चार ओळी. लफबरो विद्यापीठातल्या सोफिया जोवेट यांनी कोच-खेळाडू नात्यावर बरंच काम केलंय. त्या तीन गोष्टी बघतात: जवळीक (विश्वास, आदर), बांधिलकी (पुढंही सोबत राहायची इच्छा) आणि पूरकता (मैदानावर एकमेकांना साथ). चौथी म्हणजे दोघांना हे नातं सारखंच दिसतं का. बाबांच्या बाबतीत मला गोची या चौथीत दिसते. सरांच्या लेखी 'कुंदा' ही गंमत होती. मुलीच्या लेखी तो निकाल होता.

बांधिलकी गच्च आणि विश्वास ओसरलेला, अशी अवस्था सगळ्यात वाईट. सोडवत पण नाही, राहवत पण नाही. थकवा तिथून सुरू होतो.

कुंदाप्रेमी

'गोची या चौथीत', मला वाटलं इयत्ता चौथी.

खानापूर_एक्स्प्रेस

@बेंगळूरवासी, मग गोपीचंद सरांनी सिंधूचा फोन काढून घेतला होता त्याचं काय? रिओच्या आधी तीन महिने. आइस्क्रीम पण बंद. रौप्य आल्यावर म्हणाले, आता फोन परत देतो, आइस्क्रीम पण खा. सगळ्या देशानं कौतुक केलं. तेच आपल्या गल्लीतल्या कोचनं केलं तर?

बेंगळूरवासी_बेळगावकर

चांगला प्रश्न आहे. सिंधू तेव्हा २१ वर्षांची होती, ऑलिंपिक तीन महिन्यांवर होतं, आणि बंधनाला शेवटची तारीख होती. १४ वर्षांच्या मुलीच्या ताटावर बेमुदत बंधन ही वेगळी गोष्ट. शिवाय गोपीचंदांच्याच अकादमीतून सायना २०१४ ला बाहेर पडली, बेंगळूरला विमल कुमारांकडे आली, २०१५ ला जगात पहिल्या क्रमांकावर गेली आणि २०१७ ला परत गोपीचंदांकडे गेली. नेमबाज मनू भाकर आणि तिचे कोच जसपाल राणा टोकियोच्या आधी फाटले, २०२३ ला पुन्हा एकत्र आले, पॅरिसला दोन कांस्य. कोच सोडणं म्हणजे गुरुद्रोह नव्हे. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

लाल_माती

तालमीत एकदा वस्ताद सोडला की त्या रस्त्यानं जायची पण सोय नव्हती गा. हे बरं झालं.

वकिलीणबाई

सगळे गोड बोलताय, मी कडू बोलते. बाबांच्या सरांबद्दल नाही, सर्वसाधारण. मुलगी 'गप्प झाली' हे वाचलं की आईनं एकदा शांतपणे बाकीचंही विचारावं. रात्री मेसेज येतात का, एकटीला थांबवतात का, मसाजच्या नावाखाली हात लावतात का. २०२३ ला देशाच्या पदकविजेत्या पैलवान मुलींना जंतरमंतरवर बसून महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध आरोप मांडावे लागले. त्यांनी ते नाकारले, मामला कोर्टात गेला. पण बोलायला त्यांनासुद्धा इतका वेळ लागतो, तर नववीतल्या पोरीचं काय? १८ वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा, लागू नये अशी इच्छा.

टिळकवाडीचा_बाबा

दहा दिवसांनी येतोय. सगळं वाचलं, काही दोनदा.

वकिलीणबाई, आईनं विचारलं. तसलं काही नाही. पण विचारल्यावर पोरगी तासभर बोलत होती. म्हणजे कुणीतरी विचारायची वाट बघत होती. सांधेदुखी ताई, पाळी दोन महिने चुकलीय, फेरिटिन कमी निघालं. औषध सुरू, दोन आठवडे पळणं बंद.

मास्तरांनी सांगितलं तसं सरांना एकटं गाठलं. "मदत करा" म्हणालो. आधी ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी तिला पोटच्या पोरीसारखं बघतो, आणि तुम्ही मला डॉक्टरचा कागद दाखवताय." उठून गेले. तीन दिवस फोन नाही. वाटलं संपलं. चौथ्या दिवशी घरी आले, चहा घेतला, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलले. कुंद्याचा विषय कुणीच काढला नाही. माफीही नाही. जाताना दारात म्हणाले, सोमवारचा काटा बंद केलाय, सगळ्यांचाच.

परत जायचं की नाही हे तिच्यावर सोडलंय. ती म्हणते, आधी नुसती जाऊन बसते, बघते. लाल माती अण्णा, तुमची खूण तिला सांगितलीय: "आज जमत नाही" म्हणून बघ.

एक राहिलं. स्पाइक्सचे पैसे द्यायला गेलो, सरांनी घेतले नाहीत.

पीटी_मास्तर

घेणार नाहीतच. नवीन बॅचमधल्या एखाद्या पोराला तुम्ही एक जोडी घेऊन द्या, सरांच्या हातानं.

कुंदाप्रेमी

आणि सरांना अर्धा किलो कुंदा. मोजून.